उसनं रक्त

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिस बंद झालं त्याला दीड महिना उलटला, पण खरी धडकी आज भरली. शिवडीच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बावीस वर्षं बिलं केली. मालकांनी धंदा गुंडाळला, हिशेब चोख दिला, हात जोडले, संपलं. आज मेडिकलमध्ये शुगरच्या गोळ्या घेताना पर्समधून ऑफिसचं मेडिक्लेमचं कार्ड बाहेर पडलं आणि एकदम लक्षात आलं, की हे आता नुसतं प्लास्टिक आहे. नोकरीबरोबर विमाही गेला. दुकानदाराने विचारलं, बरं नाही का वाटत? मी म्हटलं, वाटतंय.

वय एकोणपन्नास. लग्न केलं नाही, त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. पण आज खोलीचं कुलूप काढताना वाटलं, आत जाऊन पडले तर दार कोण उघडणार? धाकटी बहीण नलू भोईवाड्यात राहते, म्हणजे हाकेच्या अंतरावर. ती धावत येईल. पण मला उचलून नेणार कुठे आणि तिथे भरणार काय? तिचा नवरा आनंदराव लोअर परळच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटीला आहे. ती घरी मशीनवर गाऊन शिवते. लेक लग्न होऊन कल्याणला गेलीय.

नायगावच्या माणसाला आजारपणाची भीती शिकवावी लागत नाही. परळच्या हॉस्पिटलांबाहेर कुठून कुठून आलेली माणसं फायली उशाला घेऊन फुटपाथवर झोपतात, ते लहानपणापासून बघतेय. पूर्वी वाटायचं, बिचारी. आज तिथून येताना मी चक्क जागा बघत होते, सावली कुठे येते, नळ कुठे आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वैभवला बोलावलं. आमच्याच मजल्यावर वाढला, आता विम्याचा एजंट झालाय, टाय लावतो. दोन वर्षं माझ्या मागे लागला होता आणि मी त्याला दारातून कटवत होते.

"मित्राताई, ऑफिस चालू होतं तेव्हाच ती पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. आता टाइम गेला."

"मग हे सप्टेंबरमध्ये सांगायचंस ना!"

"सप्टेंबरमध्ये तुम्ही मला दारात तरी उभं केलं असतं का?"

वरातीमागून घोडं. चहा टाकला.

मग तो विचारत गेला आणि मी उत्तरं देत गेले. ऑपरेशन? नाही. बीपी? नाही. शुगर? म्हटलं, आहे थोडी. थोडी म्हणजे किती? मी तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट पुढे केला. साडेनऊ. त्याचा हात बिस्किटासकट कपावरच थांबला आणि बिस्कीट चहात पडलं. "बघतो," म्हणाला. डॉक्टर 'बघू' म्हणतात ना, तसंच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वैभवने दोन कंपन्यांना आधी नुसतंच विचारून घेतलं. एकीने सरळ नाही म्हटलं. दुसरी तयार आहे, पण हप्ता ऐकून मला हसू आलं. तेवढे पैसे असते तर मी आजारी पडायलाही घाबरले नसते. शिवाय शुगरमुळे जे काही होईल त्याला तीन वर्षं थांबायचं.

"म्हणजे तीन वर्षं माझे डोळे, किडनी, हार्ट, पाय, काही बिघडायचं नाही?"

"तसं नाही हो मित्राताई. बिघडलं तरी चालेल. फक्त क्लेम मिळणार नाही."

बिचाऱ्याला आपण काय बोललो ते कळलंही नाही.

तिसरी एक कंपनी आहे, हप्ता परवडण्यासारखा. पण ती घरी माणूस पाठवून रक्त, लघवी, ईसीजी सगळं तपासते. त्यात माझं काय होणार हे मला ठाऊक आहे.

हल्ली सकाळी उठल्यावर आधी तळपाय बघते, जखम नाही ना. मग पलंगावरूनच कॅलेंडरवरच्या तारखा वाचून बघते, दिसतंय ना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालंय. पण ब्रह्मराक्षस खरोखरच असला तर?

२९ नोव्हेंबर, शनिवार

नलू आली. तीन मजले चढून शेवटच्या पायरीवरच बसली, आत येईना. म्हटलं, दिवसभर मशीनवर बसून बसून गोणी झालीस, जरा हिंडत जा. तिच्यासाठी मुद्दाम सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी केली होती. एरवी तव्यावरूनच उचलते. आज दोन घास खाऊन ताट सरकवलं. म्हणे तोंडाला कसलीच चव नाही, चमचा चाटल्यासारखं वाटतं. माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवायची ही नवी रीत.

मी माझं रडगाणं सांगितलं. ती हात खाजवत ऐकत होती. मग म्हणाली, "त्यात काय! रक्त माझं दे."

"येडी झालीस का?"

"अगं, फॉर्म तूच भरायचा, शुगर नाही म्हणून लिहायचं, वैभवला पत्ता नाही लागू द्यायचा. मेडिकलवाली येईल त्या दिवशी मी तुझ्या जागी बसते. त्यांना काय माहीत मित्रा कोण नि नलू कोण?"

"आधार कार्ड बघतात."

"आधारवरचा तुझा फोटो तुझ्यासारखा तरी दिसतो का?"

दोघी खूप हसलो. मग मी म्हटलं, नको, हे खोटं आहे. तर ती चिडलीच.

"आपण चाळीतली माणसं, ताई. काय उसनं नाही आणलं आपल्या आईने? साखर आणली, पाट आणले. मला बघायला आले तेव्हा कांबळेबाईंच्या बांगड्या माझ्या हातात होत्या. त्या खोट्या होत्या का? मी तुला चार चमचे रक्त दिलं तर काय आभाळ कोसळलं?"

नलू बाळंतपणाशिवाय जन्मात कधी हॉस्पिटलात गेली नाही. ताप आला तरी मशीन चालू. पाठ दुखली की बॉबिनच्या डबीतली दुखीची गोळी, झालं. मला तिचा हेवा वाटतो, अगदी लहानपणापासून. तिला भूक माझ्याहून जास्त, झोप माझ्याहून गाढ, आणि शुगर मला.

हो म्हटलं. म्हणताना बरं वाटलं नाही, पण म्हटलं.

३ डिसेंबर, बुधवार

झालं एकदाचं.

तपासणीवाली बाई सकाळीच आली, विक्रोळीची, बोलायला गोड. नलू माझा पंजाबी ड्रेस घालून, माझा चष्मा लावून खुर्चीत बसली होती. मी धाकटी बहीण झाले होते. बाईने आधार बघितलं, नलूकडे बघितलं, म्हणाली, "फोटोत बारीक आहात." नलू म्हणाली, "सगळेच असतात."

रक्त काढलं. लघवीची बाटली देताना नलू मला हळूच म्हणते, "सर्फ टाकल्यासारखा फेस आलाय गं." मी डोळे वटारले, बाई ऐकेल म्हणून.

मग बीपीचा पट्टा. बाईने एकदा घेतलं, पुन्हा घेतलं. "ताई, तुम्ही घाबरलात का? वरचं एकशे नव्वद आलंय. दहा मिनिटं शांत बसा." वाटलं, सापडलो. चोराच्या मनात चांदणं. नलूही घाबरलीच असणार, नाहीतर तिला कसलं बीपी! तिसऱ्यांदाही फारसं उतरलं नाही. बाईने आकडा लिहून घेतला, फोटो काढला आणि गेली.

दार लावलं आणि आम्ही दोघी पलंगावर पडून तोंडात ओढणी कोंबून हसलो. नलूला हसता हसता धाप लागली. मी तिला भरपूर साखर घालून चहा दिला आणि म्हटलं, घे, माझ्या वाटणीचीही घे.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षीप्रमाणे दादरला आमच्या वस्तीच्या स्टॉलवर गेलो. गावागावांतून आलेली माणसं, उन्हात तासन्‌तास रांगेत उभी, कुरकुर नाही. नलू म्हणजे त्या स्टॉलची मुकादम, दिवसभर उभी राहून पाणी आणि जेवण वाढणारी. यंदा तासाभरातच तांदळाच्या पोत्यावर बसली. पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. आनंदराव म्हणाले, उद्या डॉक्टरकडे चल. ती म्हणाली, उभं राहून पाय सुजणार नाहीत तर काय नाक सुजणार?

मीही म्हटलं, जाऊन ये गं. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष फोनमध्ये होतं. वैभवचा फोन कधीही येईल असं वाटत होतं. मनात एकच, एवढी पॉलिसी होऊ दे.

११ डिसेंबर, गुरुवार

वैभव फोन न करता घरीच आला. टाय नव्हता. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"मित्राताई, बसा. पॉलिसी रिजेक्ट झालीय."

मला वाटलं चोरी पकडली. पण तो म्हणाला, "किडनी. क्रिएटिनिन साडेसहाच्या वर आहे. नॉर्मल एकच्या आसपास असतं. पॉलिसी गेली खड्ड्यात, तुम्ही उद्याच्या उद्या दाखवा." त्याचे डोळे भरले होते. आईला सांगू का, रात्री तुमच्याकडे झोपेल, असं विचारत होता. मी त्याला कसाबसा वाटेला लावला.

ज्याला भीत होते तेच झालं. शुगरने किडनी खाल्ली आणि मला पत्ताही लागू दिला नाही. साडेसहा. म्हणजे उरलंय तरी काय? डायलिसिसवाले लोक मी पाहिलेत, हॉस्पिटलच्या गेटपाशी, हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. आठवड्यातून तीनदा. मला कोण नेणार तीनदा? विमा नाही, नोकरी नाही. दादरच्या एका सीएकडे उद्यापासून तात्पुरती बिलं नोंदवायला जायचं ठरलं होतं, ते कशाच्या जोरावर?

मघापासून कंबर दुखतेय. लघवीला गेले तर रंग बघत बसले. मला मरायचं नाही. असं लिहिताना लाज वाटतेय, पण नाही मरायचं. अजून काही बघितलंच नाही मी.

नलूला सांगायचं नाही. ती ऊर बडवून घेईल. आधीच तिची तब्येत बरी नाही, तिला कशाला घोर?

१२ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे उठून वैभवने पाठवलेला रिपोर्ट पुन्हा उघडला. बुडत्याला काडी, म्हटलं एखादा तरी आकडा चांगला असेल. होता. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, पाच पूर्णांक दोन. नॉर्मल.

माझी शुगर नॉर्मल कधी झाली?

चहा उतू गेला, गॅस विझला, वास सुटला, तेव्हा उठून बटण बंद केलं.

हे रक्त माझं नाही.

एक श्वासभर मला बरं वाटलं. माझी किडनी शाबूत आहे, मी मरत नाहीये. हे इथेच लिहिते, तोंडाने कुठे बोलणार नाही. एकच श्वास. मग त्या रिपोर्टवर माझं नाव, माझं वय आणि आत नलू. आणि मी मूर्खासारखी अख्खी रात्र स्वतःसाठी रडले. सुजलेले पाय, चमचा चाटल्यासारखी चव, तो फेस, ते एकशे नव्वद. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी तिला गोणी म्हटलं.

१५ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस मी काहीही केलेलं नाही. आधी वाटलं, रिपोर्टच चुकला असेल. मग वाटलं, विमा कंपनीला कळलं तर पोलीस येतील, मला नेतील, नलूलाही नेतील. मग वाटलं, आनंदराव विचारतील, माझ्या बायकोचं रक्त तुमच्या नावाने का तपासलं? प्रत्येक भीती दुसरीच्या आड लपतेय आणि मी त्या सगळ्यांच्या आड.

आज धीर करून भोईवाड्यात गेले. नलू मशीनवर होती, चेहरा फुगलेला. म्हटलं, चल, आपण दोघी मिळून सगळ्या टेस्ट करून घेऊ.

"आता? नाताळाची ऑर्डर आहे. आणि परवाच तर दिलं रक्त! तुझं काय झालं, आलं का वैभवचं?"

"नाही अजून."

असं मी म्हटलं. तिने बॉबिनच्या डबीतून गोळी काढली. त्या गोळ्या किडनी कशी खातात ते मी दोन दिवस मोबाइलवर वाचत बसलेय. ओरडलेच, नको घेऊस! तिने चमकून पाहिलं. "मग पाठ काय तू शिवून देणार?" आणि पाण्याबरोबर घोटली. माझ्यासमोर घोटली आणि मी घरी आले.

भित्री आहे मी. शुगरपेक्षा हे वाईट.

१७ डिसेंबर, बुधवार

मला सांगावं लागलंच नाही, असं सुरुवातीला वाटलं. दुपारी जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. दार उघडलं तर नलू. भिंतीला धरून, ओठ पांढरे, डोळ्यांतून पाणी. बाजारात वैभव भेटला होता. मित्राताईंना सांभाळा म्हणाला होता.

"मला का नाही सांगितलंस? मी कोण तुझी? रस्त्यावरची?"

मला बोलूच देईना. मला पलंगावर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसली आणि माझे गुडघे घट्ट धरले.

"हे बघ, मी वाटेत सगळा विचार केलाय. डायलिसिस बियालिसिस काही करायचं नाही. माझ्याकडे दोन आहेत. एक तू घे. माझी काय, लोखंडी आहे. आनंदाला मी समजावते, तो नाही म्हणणार नाही. रक्त दिलं तसं हेही देईन."

तीही तीच चूक करत होती, जी मी एक रात्र केली. फक्त तिने ती मला काहीतरी देण्यासाठी केली.

"नलू, रक्त कुणाचं होतं?"

"कसलं?"

"त्या दिवशी खुर्चीत कोण बसलं होतं?"

तिचे हात माझ्या गुडघ्यांवर तसेच राहिले. बाहेर गॅलरीत कुणीतरी कपडे पिळत होतं, पाणी पडल्याचा आवाज येत होता. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुला काही नाही झालं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. खरंच म्हणाली. आणि मग तिला समजलं. तिने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, बोटाने दाबलं, खळगा पडला तो भरेना. मी तिला कवटाळलं. रडत रडत मी काय काय बोलले आठवत नाही. गुरुवारपासून मला माहीत होतं, असं म्हटल्याचं आठवतं. शुक्रवारपासून म्हणायला हवं होतं, पण एका दिवसाने काय फरक पडतो?

ती चिडली नाही. नुसती म्हणाली, "ताई, मला जिना उतरवशील? पाय लटपटतायत."

२० डिसेंबर, शनिवार

परळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नलूच्या स्वतःच्या नावाने केसपेपर काढला. रक्त पुन्हा घेतलं. आकडा आणखी वर गेलाय. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. बहुतेक बऱ्याच वर्षांचं बीपी, कधी न मोजलेलं, आणि त्यावर गोळ्या. मानेत नळी घालून काल पहिलं डायलिसिस झालं. आत तिला थंडी वाजत होती आणि बाहेर बाकावर मला.

आनंदरावांना मी सगळं सांगितलं. मी पाच दिवस गप्प बसले, तेही सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. चहा आणला, तो नलूला आणि स्वतःला. मी ओरडण्याची वाट बघतेय.

आज राउंडला डॉक्टर आल्या, लहानशाच, नलूच्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, डायलिसिस चालू ठेवू, सरकारी योजनेत बसवायचं बघू, पण पेशंटचं वय कमी आहे, ट्रान्सप्लांटचा विचार करा. घरातलं कुणी देणारं आहे का? आनंदरावांचा रक्तगट जुळत नाही. मी लगेच पुढे झाले.

"मी सख्खी बहीण. माझी घ्या."

"वय?"

"एकोणपन्नास."

"बीपी, शुगर काही?"

"नाही," मी म्हटलं. एका क्षणाचाही विचार न करता म्हटलं. त्यांनी पेन टेकवलं. मी कॉटकडे बघितलं नाही.

"आहे हो तिला शुगर," नलूचा आवाज आला, बारीक, घशातून ओढल्यासारखा. "साडेनऊ. लिहा तुम्ही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नलूने उशीवरची मान जरा वळवली आणि मला म्हणाली, "टेस्टला कोणाला बसवणार होतीस गं आता?"